शिकाऊ गिटारची कैफियत

आमच्या घरात त्या गिटारबद्दल ‘टाकून द्या’ हे शब्द पहिल्यांदा कुणी उच्चारले असतील, तर ते मी. ही गोष्ट आधीच कबूल केलेली बरी. नाहीतर पुढे मी ‘टाकून द्या’ संप्रदायावर जे तोंडसुख घेणार आहे, ते वाचून घरचंच कुणीतरी माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभं राहील.

गिटार ताईची. १९६७ साली वडिलांनी तिला घेऊन दिलेली. तेव्हा आम्ही गिरगावात दोन खोल्यांत राहत होतो, आणि ज्या मुलीला गाता येत नाही व जिला नाचू द्यायचं नाही, तिला हवाईयन गिटारच्या क्लासला घालायची त्या काळी पद्धत होती. हे वाद्य मांडीवर आडवं ठेवून, खाली मान घालून वाजवायचं. मुलगी खाली मान घालून बसते, एवढ्यावरच निम्मे पालक खूश असत. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. मोकळ्या तारा छेडल्या की सा-ग-प असा आपोआप मेळ जमतो आणि कांडी सरकवली की मींड निघते. सतारवाल्यांची बोटं ज्या मींडेपायी सोलवटून निघतात, ती इथे इस्त्री फिरवावी तशी निघते. रेडिओवर एखादा कार्यक्रम दोन मिनिटं आधी संपला की उरलेली जागा भरायला व्हॅन शिपले किंवा हजारा सिंग यांच्या गिटारवरची सिनेमाची धून लागायची. आमची ताई ती धून ऐकताना आमटीला उतू जाऊ देई. आईने गिटारवर पहिला राग धरला तो तेव्हापासून.

आता ताईची गिटार म्हणजे काय, तर शिकाऊ. शिकाऊ म्हणजे प्लायची. नेहमीच्याच गिटारच्या मानेशी तारांखाली एक धातूचा उंचवटा सरकवायचा, तारा पट्टीपासून उंच उचलल्या जातात, कांडी लाकडाला घासत नाही, झाली हवाईयन! दोन वर्षं ती शिकली. मग मास्तरांनी वडिलांना बोलावून सांगितलं, “मुलगी कष्टाळू आहे, पण सुराचा कान नाही. तार लावून दिली तरी दहा मिनिटांत बेसूर वाजवते.” वडिलांनी ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. क्लास सुटला. १९७२ साली ताईचं लग्न झालं. सासरी गिटार चालायची नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. गिरगावची जागा सोडली तेव्हा गिटार इतर अडगळीबरोबर मोऱ्याच्या लाँचमधून करंज्याच्या घरी आली आणि माळ्यावर जाऊन पडली.

करंजा म्हणजे पूर्वीच्या पनवेल तालुक्यातलं, आता उरणच्या टोकाला धरलेलं आमचं गाव. मागे द्रोणागिरीचा डोंगर, पुढे खाडी, खाडीपलीकडे रेवस. या हवेत जे गंजत नाही ते लोखंडच नव्हे, असं आमच्याकडे समजतात. निवृत्तीनंतर मी इथे येऊन राहिलो आणि गेल्या पावसाळ्याआधी माळा साफ करायला काढला. गिटार खाली आली ती एखाद्या जलोदराच्या रोग्यासारखी. पोट पुढे आलेलं, तारा बसवलेली पट्टी मागून उचललेली, आत काहीतरी सुटून खुळखुळत होतं. तारा पाच. त्यावेळी मी तोंडातून काय काढलं ते वर आलंच आहे.

पण त्याच आठवड्यात ताई फोनवर सहज म्हणाली, “माझी गिटार आहे का रे तिकडे अजून?” पंचाहत्तरी गाठलेली बाई पन्नास वर्षांनी एखाद्या वस्तूची चौकशी करते तेव्हा ती सहज नसते, एवढं मला कळतं. मी म्हटलं, “आहे की. उत्तम आहे.” आणि लगेच घाम पुसला.

मुंबईतल्या एका वाद्यांच्या दुकानात ती घेऊन गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. पेशंट न बघता डेथ सर्टिफिकेट लिहिणाऱ्या डॉक्टरच्या चेहऱ्याने ते म्हणाले, “शिकाऊ आहे हो. दुरुस्तीच्या पैशात नवीन येईल. टाकून द्या.”

दुसरा, आमचा भाचा. ताईचाच मुलगा. अमेरिकेत टेनेसी राज्यात असतो. व्हिडिओवर गिटार दाखवली तर म्हणाला, “मामा, टाकून दे. स्टुडंट मॉडेल आहे. आईला मी नवीन पाठवतो.” हे तो बोलत असताना त्याच्या पाठीमागे शिवणयंत्रासारखं चार पायांचं एक टेबल उताणं पडलेलं दिसत होतं. मी विचारलं, हे काय? तर पेडल स्टील गिटार! आपल्या हवाईयन गिटारचीच अमेरिकेत वाढलेली नात. तारा दहा, खाली पायांनी दाबायची पेडलं आणि गुडघ्यांनी ढकलायच्या दांड्या. पेडल दाबलं की खालची सळई तार ओढते आणि वाजत्या तारेचा सूर जागच्या जागी चढतो. १९५४ साली वेब पियर्स या गायकाच्या एका गाण्यात बड आयझॅक्सने तो चढता सूर वाजवला आणि सगळं नॅशव्हिल वेडं झालं, वगैरे वगैरे. भाच्याचं मॉडेल शो-बड कंपनीचं मॅव्हरिक. १९७० च्या दशकातलं. पेडलं तीन आणि गुडघ्याची दांडी एकच.

“एकच का?” मी विचारलं.

“स्टुडंट मॉडेल आहे ना मामा! मी तिला आणखी दोन दांड्या बसवतोय. चार महिने झाले. खर्च किमतीच्या वर गेलाय, पण व्हिंटेज आहे.”

वाचकहो, या ठिकाणी माझं डोकं फिरलं. म्हणजे तिकडचं शिकाऊ ते व्हिंटेज आणि इकडचं शिकाऊ ते भंगार! नॅशव्हिलच्या विद्यार्थ्याने कच्चेपणी बडवलेलं टेबल चार महिने तेल-पाणी करून सजवायचं आणि स्वतःच्या आईने ज्यावर बोटं झिजवली ते मात्र टाकून द्यायचं. मी हे त्याला याच शब्दांत सांगितलं. तो म्हणाला, “मामा, नेट गेलं वाटतं.” आणि खरंच गेलं.

तिसरे आमचे एक संगीतप्रेमी स्नेही. हे ‘टाकून द्या’वाले नव्हेत, हे त्याहून घातक, ‘जपून ठेवा’वाले. त्यांचं म्हणणं, गिटार पुसून दिवाणखान्यात भिंतीवर लावावी, पण एका खिळ्यालाही हात लावू नये. “मूळ रूप जाईल!” अहो, मूळ रूप काय घेऊन बसलात? या वाद्याचा जन्मच मुळी दुसऱ्याचं मूळ रूप घालवून झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या पोराने चांगल्या धडधाकट स्पॅनिश गिटारवर लोखंडाचा तुकडा घासला, तेव्हा आमचे स्नेही तिथे असते तर पोराच्या पाठीत धपाटा पडला असता. १९३२ साली रिकनबॅकर कंपनीने जी विजेची गिटार बाजारात आणली, आणि विजेच्या गिटारींत धंदा करून दाखवणारी जी पहिली, ती उभी धरून नाचायची गिटार नव्हती. मांडीवरची हवाईयनच होती. ॲल्युमिनियमची, गोल तोंडाची, लांब दांड्याची. लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. म्हणजे आजच्या तमाम रॉकवाल्यांची पणजी एक तवा आहे! आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रांनी हीच गिटार रागदारीत आणली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या पंक्तीला ती मानाने बसली आहे. विश्वमोहन भट्टांनी तिला तरफा जोडून तिची मोहनवीणा केली आणि १९९४ साली ग्रॅमी घरी आणलं. यातल्या एकानेही वाद्य भिंतीवर टांगलं नाही.

स्नेही म्हणाले, “ती थोर माणसं. ही प्लायची गिटार.”

म्हणजे गाडी पुन्हा तिथेच. शिकाऊ आहे ना, मग चालेल तसं. खरं सांगतो, या ‘शिकाऊ आहे, चालेल’मध्ये जेवढा दुष्टपणा आहे तेवढा सासूच्या टोमण्यातही नसेल. उस्तादाला वाईट वाद्य द्या. तो दोन मिनिटांत सांगेल की वाद्य वाईट आहे. शिकणाऱ्याला द्या, त्याला वाटेल, आपण वाईट आहोत. चांगल्या वाद्याची खरी गरज कुणाला असेल तर ती ज्याला काहीच येत नाही त्याला. आणि आपण नेमकं उलटं करतो. हिंदकळणारी सायकल, न उमटणारं पेन, फुटकी पाटी, सगळं शिकणाऱ्याच्या वाट्याला.

शेवटी मी गिटार काखेत मारली आणि बंदरावर गेलो. तिथे होड्यांची लाकूडकामं करणारा एक तरुण आहे. लग्नसराईत तोच बेंजो पार्टीत असतो. हळदीला बेंजो वाजला नाही तर नवरदेवाला हळद लागत नाही, असा आमच्या भागातला समज. आता बेंजो म्हणजे तरी काय? १९१२ साली जपानात नागोया गावी गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने टाइपरायटरसारखी बटणं लावून एक घरगुती वाद्य केलं. तेच इथे बुलबुल तरंग झालं. शिकायला सोपं, म्हणून कितीतरी घरांत ते पोरांचं खेळणं म्हणून आलं. या खेळण्याला आमच्या पोरांनी पिकअप लावला, पेटी मोठी केली, ॲम्प्लिफायर जोडला आणि त्याच्या तालावर अख्खी आळी नाचवली. २०१६ साली रवी जाधवांनी ‘बॅंजो’ नावाचा सिनेमाही काढला त्यावर. शिकाऊ वाद्याचं काय करायचं असतं हे ज्यांना ठाऊक आहे अशी माणसं माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होती आणि मी मुंबईला जाऊन अपमान विकत घेतला होता!

त्याने गिटार हातात घेतली, टिचकी मारली, कान लावला. “काका, काय नाय झालंय हिला. आतली पट्टी सुटलीय. होडीचं पोट असंच सुटतं.” पुढचे तीन रविवार मी त्याच्या पडवीत बसून होतो. त्याने मागची पट्टी सोडवली, आतल्या आडव्या पट्ट्या सरसाने चिकटवल्या. फेव्हिकॉल का नाही, असं मी शहाणपणाने विचारलं. तो म्हणाला, “पुढच्या माणसाला परत खोलायला लागली तर? सरस शेकला की सुटतो.” पुढच्या माणसाचा विचार करणारा कारागीर मी निवृत्त होईपर्यंत एकाही ऑफिसात पाहिला नव्हता. पोटावर फळी ठेवून फळीवर जात्याची तळी ठेवली. आठवड्याने सूज उतरली.

मग खुंट्यांकडे वळला. रॉकेलमध्ये बुडवून, दातांच्या ब्रशने गंज काढला. पाच खुंट्या फिरल्या. तिसरी अर्धा फेरा फिरे, अडे, मग एकदम सैल होई. त्याने तिचं पितळी चाक स्क्रू काढून तळहातावर घेतलं, डोळ्याजवळ नेलं आणि मला दाखवलं.

“काका, याचं भोक बघा. मधोमध नाय.”

“गंजामुळे?”

“गंजाने भोक सरकत नाय. हे कारखान्यातूनच असं आलंय. एका बाजूला दात घट्ट बसतात, दुसऱ्या बाजूला सुटतात. ही तार लावली तरी दहा मिनिटांत उतरणारच.”

दहा मिनिटांत. मी ते चाक खिशात घातलं.

आमच्या ताईने त्यानंतर घरच्या आरतीतसुद्धा कधी मोठ्याने तोंड उघडलं नाही. टाळ्या वाजवते, तेही हळू. मुलांच्या अंगाईला टेपरेकॉर्डर लावायची. “मला सूर नाही” हे ती आपली जन्मतारीख सांगावी इतक्या सहज सांगते. आणि हे सगळं कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी ‘शिकाऊ आहे, चालेल’ म्हटलं म्हणून!

सहाही खुंट्या नव्या बसवल्या. स्नेह्यांनी “मूळ रूप” म्हणून एक उसासा टाकला, तो मी ऐकला नाही. बेंजोला लावतात तसला पिकअप तारांखाली बसवला, कारण ताईच्या उजव्या हाताची बोटं आता संधिवाताने आखडली आहेत. जोराने छेडणं तिला जमणार नाही, हळू छेडलेलं ऐकू यायला हवं. मात्र कारागिराला गिटारभोवती रंग बदलणाऱ्या दिव्यांची माळही लावायची होती. तिथे मी हात जोडले. सुधारणेलाही हद्द असते, आणि ताईला तर घरात डोळा मारणारा फ्रीजसुद्धा चालत नाही. एकूण खर्च साडेतीन हजार. घरी मी दोन सांगितला आहे.

२०२४ च्या जानेवारीपासून उरणपर्यंत लोकल येते. ताई ठाण्याहून नेरूळला गाडी बदलून आली, स्टेशनवरून रिक्षाने घरी. चहा झाल्यावर मी गिटार तिच्या मांडीवर ठेवली. तिने कांडी उचलली, तारा एकदा मोकळ्या छेडल्या, भुवई वर केली आणि म्हणाली, “तिसरी किंचित उतरलीय.”

कारागीर दारात उभा होता. त्याने मोबाइलवर सूर तपासला. खरंच केसभर उतरली होती. नव्या तारा ताणायला दोन दिवस घेतात. ताईने आपल्या हाताने ती लावली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तार हलली नाही. मग मी खिशातलं चाक काढून तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिने चष्मा पुसला, चाक उजेडाकडे धरून त्या भोकातून बराच वेळ खाडीकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती रडणार, आणि मी रुमाल शोधायला लागलो.

“हे राहू दे माझ्याकडे,” ती म्हणाली. चाक पर्समध्ये गेलं. मग तिने एक जुनी धून सुरू केली, दोनदा अडली, तिसऱ्यांदा पुढे गेली, आणि थांबून माझ्याकडे न बघताच म्हणाली,

“आणि ती सगळ्यात बारीक तार? ती कुणी काढली होती रे, खेकड्यांच्या गळाला?”

“गंजली असेल,” मी म्हटलं.