यंत्र कोणाच्या दफ्तरावर शिकणार?

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये 'इंडिया एआय मिशन'ला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी १०,३७२ कोटी रुपये! कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकणारे यंत्र. ज्या दफ्तरात आपला माणूस पिढ्यान्‌पिढ्या शिपाई नाहीतर सफाई कामगार म्हणूनच नोंदला गेला, त्यावरच ते शिकले, तर नोकरीच्या अर्जांतून कोणाला गाळील? नीती आयोगाने २०१८ सालीच 'सर्वांसाठी एआय' म्हटले होते. घोषणा गोड आहे. पण अर्ज फेटाळला तर त्याचे कारण माणसानेच लेखी द्यावे, असा कायदा हवा. याच मिशनमधून लहान शहरांत प्रशिक्षणाच्या प्रयोगशाळा काढायच्या आहेत. आयटीआयच्या मुलामुलींनी, विशेषतः मुलींनी, आपल्या संस्थेत त्याची चौकशी आताच करावी.