पहारेकरीच व्यापारी

व्यावसायिक सायकल शर्यतींतील उत्तेजक द्रव्यांचा विषय निघाला की भांडवली वृत्तपत्रे एक नाव घेऊन मोकळी होतात: लान्स आर्मस्ट्राँग. १९९९ ते २००५ या काळातील त्याची ‘टूर दि फ्रान्स’ची सातही विजेतेपदे २०१२ साली काढून घेण्यात आली आणि आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाचे तत्कालीन अध्यक्ष पॅट मॅक्वेड यांनी या खेळात त्याला स्थान नाही, असे जाहीर केले. गुन्हेगार सापडला, खेळ शुद्ध झाला! त्याला इतकी वर्षे स्थान दिले कोणी, हा प्रश्न मात्र सोयिस्करपणे बाजूला राहिला.

त्याचे उत्तर संघानेच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाच्या मार्च २०१५ च्या अहवालात आहे. १९९९ च्या शर्यतीत आर्मस्ट्राँगच्या नमुन्यांत बंदी असलेले कॉर्टिकोस्टेरॉइड आढळले, तेव्हा मागाहून सादर झालेली डॉक्टरांची चिठ्ठी ग्राह्य धरून संघाने आपलाच नियम मोडला. त्याच शर्यतीच्या नमुन्यांवरून २००५ साली पुन्हा गदारोळ झाला. त्यानंतरच्या ‘स्वतंत्र’ चौकशीच्या अहवालाचा मसुदा घडविण्यात संघाचा आणि खुद्द आर्मस्ट्राँगच्या वकिलांचा हात होता. २००९ साली चाचण्यांची सक्तीची मुदत पुरी झालेली नसताना त्याला ऑस्ट्रेलियातील शर्यतीत उतरू देण्यात आले. संघाने त्याच्याकडून एकूण सव्वा लाख डॉलरच्या देणग्याही स्वीकारल्या होत्या.

लाच घेऊन चाचणी दडपल्याचा पुरावा आयोगाला मिळाला नाही, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु खरी मेख तिथेच आहे. ज्याच्या नावावर अमेरिकेची बाजारपेठ खुली होत होती, त्याला पकडणे खेळ विकणाऱ्या संस्थेला परवडणारेच नव्हते. मग लाचेची गरज ती काय?

ही वृत्ती एका व्यक्तीपुरती नव्हती. ईपीओ हे औषध शोधणारी चाचणी नव्हती त्या काळात, १९९७ साली, संघाने नियम केला: रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलेल्या स्पर्धकाला १५ दिवस शर्यतीबाहेर ठेवायचे. हेतू आरोग्यरक्षणाचा सांगितला गेला. पथकांच्या डॉक्टरांनी मात्र त्यातून ५० टक्क्यांपर्यंत मुभा असल्याचा अर्थ काढला.

किंमत मोजली ती कष्टणाऱ्यांनी. फ्रेंच सायकलपटू क्रिस्तोफ बासों उघडपणे बोलला आणि १९९९ ची शर्यत त्याला अर्ध्यावर सोडावी लागली. पथकात मालिशीचे काम करणाऱ्या एमा ओरायली यांनी सत्य सांगितले, तर आर्मस्ट्राँगने त्यांनाच न्यायालयात खेचले. आणि पॉल किमेज या पत्रकारावर दावा ठोकणारे होते संघाचे आजी-माजी अध्यक्ष!

२०२१ पासून चाचण्यांचे काम आंतरराष्ट्रीय चाचणी संस्थेकडे सोपविण्यात आले आहे. पाऊल योग्य आहे. पण त्यासाठी लागणारा पैसा आजही मुख्यतः संघ, शर्यतींचे संयोजक आणि पथके यांच्या थैलीतून येतो. ही आर्थिक नाडी त्यांच्या हातून काढून घ्यावी, चाचण्यांच्या कारभारात सायकलपटूंच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना निर्णायक मत मिळावे आणि साक्ष देणाऱ्याच्या रोजीरोटीला लेखी संरक्षण मिळावे, या मागण्या आता त्यांच्या संघटनांनी लावून धरल्या पाहिजेत.