बाप गेला, पोरांचे काय?

भात झोडून झाले, नागली-वरई घरात आली, दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याचे पाडे ओस पडू लागतात. माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. यात नवीन काही नाही. पण ज्या घरातला कर्ता पावसाळ्यात साप चावून किंवा तापाने गेला, त्या घरातून भट्टीवर कोण जाते? आई जाते आणि तिच्यासोबत आश्रमशाळेत आठवी-नववीला असलेली थोरली पोर जाते. धाकट्यांना सांभाळायला, भाकरी थापायला. बापासाठी रडायलाही तिला सवड नसते. उलट पाठच्या भावंडांची समजूत तिनेच काढायची.

त्यात दिवसकार्यासाठी मुकादमाची उचल घेतलेली असते. 2021 मध्ये मोखाड्यातल्या एका आदिवासी मजुराने आत्महत्या केली. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या 500 रुपयांपायी त्याला राबवून घेतले, असा आरोप झाला आणि गुन्हाही दाखल झाला. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली आहे. बापाची उचल फेडायला पोरांना राबवणे हा गुन्हाच आहे, हे सरपंचांनी गावात एकदा मोठ्याने सांगावे.

सरकारची मदत नाही असे नाही. बालसंगोपन योजनेतून आई किंवा बाप गेलेल्या मुलालाही महिना 2250 रुपये मिळू शकतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कर्ता साठीच्या आत गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी 20 हजार आहेत. शेतकरी सर्पदंशाने, वीज पडून किंवा बुडून गेला, तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून 2 लाख. त्याचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो.

घोडे अडते ते मृत्यूच्या दाखल्यावर. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, आणि तीही जिथे माणूस गेला तिथेच. भट्टीवर गेलेल्याची नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत. ती न करताच प्रेत गावी आणले जाते, अग्नी दिला जातो, आणि पुढे वर्षभराने विधवा बाई दाखल्यासाठी दारोदार फिरते. वर्ष उलटले की मामला थेट दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर जातो. मोखाड्याहून पालघरला एक खेप म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. अशा बाईला ‘उद्या या’ म्हणणाऱ्याने हा हिशेब करून पाहावा.

वारस नोंदीचेही तसेच. सातबाऱ्यासाठी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. वनपट्टा विकता येत नसला तरी वारसांकडे जातो. पण लहान पोरांच्या वतीने कोणी बोलले नाही, तर चुलत्यांच्या भांडणात त्यांचा वाटा कधी गेला ते कळतही नाही. सगळेच चुलते वाईट नसतात. पुष्कळ घरी काका-मामांनीच पोरे वाढवली आहेत. तरी नोंद ती नोंद.

ग्रामसेवकांना 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी. नावे मोठी झाली, बरे झाले. आता मृत्यूची नोंद लिहितानाच मागे किती पोरे आहेत हे विचारून बालसंगोपनाचा अर्ज तिथेच भरून घ्यावा. आणि जूनमध्ये आश्रमशाळा उघडेल तेव्हा थोरलीचे नाव नुसते पटावर आहे की ती वर्गात बसली आहे, हे मुख्याध्यापकांनी पाड्यावर जाऊन बघावे.