हंगाम चार महिन्यांचा, उपचार सहा महिन्यांचा

आज २४ मार्च, जागतिक क्षयरोग दिन. १८८२ साली याच दिवशी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं. आज गावोगावी प्रभातफेऱ्या निघतील, शपथा होतील. आर्वी तालुक्यातल्या आमच्या रोहणा गावाच्या शिवारात मात्र कापसाची वेचणी कधीच आटोपली आहे. मेळघाटातून, मध्य प्रदेशातून आलेली मजूर कुटुंबं होळीसाठी आपापल्या मुलखात परतली आहेत. क्षयाचा विचार या परतीच्या वाटेवरूनच सुरू व्हायला हवा.

बाहेरचा माणूस रोग आणतो, ही गावाची जुनी समजूत. तिला आधार नाही असं नाही. १९१८ मध्ये मुंबईत आलेला इन्फ्लुएन्झा रेल्वेच्या वाटेनं देशभर पसरला आणि मध्य प्रांत-वऱ्हाडाला त्यानं फार मोठा तडाखा दिला. रोहण्यावरून जाणारी पुलगाव-आर्वी ही शकुंतला रेल्वे त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाली होती. पण वाटा अडवल्यानं रोग अडतोच असंही नाही. २०२० मध्ये सीमा बंद करून वर्धा जिल्हा ग्रीन झोनमध्ये राहिला. तरी मे महिन्यात जिल्ह्यातला पहिला कोरोना रुग्ण आपल्याच आर्वी तालुक्यात, हिवरा तांड्यात सापडला.

क्षयाची चाल तर याहून संथ. जंतू शरीरात वर्षानुवर्षं निपचित राहतो आणि शक्ती खचली की उठतो. ब्रिटन, कॅनडात आज बहुतेक क्षयरुग्ण परदेशात जन्मलेले आहेत, पण त्यांच्यापासून स्थानिकांत संसर्ग फारसा पसरत नाही. जपावं लागतं ते त्यांच्याच घरच्यांना. म्हणजे किती लोक आले, यापेक्षा आलेले कुठे झोपतात, काय खातात आणि औषध कुठे घेतात, यावर रोगाचं प्रमाण ठरतं. शेतातल्या एका कोंदट कोठ्यात दोन-तीन कुटुंबं दाटीनं राहतात. पुण्यात कंपनीत लागलेली आपली पोरंही एका खोलीत अशीच राहतात. स्थलांतरित म्हणजे फक्त परमुलखातला, हा भ्रम आहे.

खरी मेख वेळेच्या हिशेबात आहे. वेचणीचा हंगाम चार महिन्यांचा, तर साध्या क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा. जानेवारीत गोळ्या सुरू झालेला मजूर होळीला निघतो, तेव्हा उपचार निम्माही झालेला नसतो. खोकला थांबलेला, अंगात बळ आलेलं. मग गोळ्या सुटतात. अर्धवट उपचारानं रोग उलटतो, औषधांना दाद न देणारा होतो आणि पुढे घरातल्या लेकरांपर्यंत जातो.

यावरची सोय सरकारदरबारी आहे. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंद प्रणालीत नाव आलेल्या रुग्णाचा उपचार देशात कुठेही वर्ग करता येतो. पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात. अडतं ते शेवटच्या टप्प्यावर. मजूर कधी निघणार हे आशाताईंना कळत नाही. मुकादमाला कळतं, पण त्याला कोणी विचारत नाही.

म्हणून ग्रामपंचायतीनं शपथेऐवजी एक ठराव करावा. वेचणीवाले आले की आठवडाभरात त्यांच्या मुक्कामी तपासणी व्हावी. निघायच्या आधी मुकादमानं आरोग्य केंद्राला कळवावं. उपचार चालू असलेल्याच्या हाती नोंद क्रमांक आणि वाटेपुरत्या गोळ्या असाव्यात, आणि पुढच्या केंद्राला इथूनच फोन जावा. ज्यांच्या हातांनी आपला कापूस घरात येतो, त्यांच्यासाठी गावाला एवढं करता येतं. त्यात गावाचं स्वतःचंही रक्षण आहे.