पस्तीस दिवसांची रजा

सध्या पुण्यातल्या आमच्या ऑफिसात शेतीची साथ आली आहे. कुणी मुळशीकडे चार गुंठे घेतलेत, कुणी टेरेसवर वांगी लावलीत. आणि आता तिघांना बदकं पाळायची आहेत. साधीसुधी नाहीत, मस्कव्ही! कारण काय, तर हे बदक ओरडत नाही. म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्ता लागायला नको. मी पडले गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याची, त्यात आमच्या अंगणात मस्कव्ही आहेत. त्यामुळे लंच टाइमला माझी कन्सल्टन्सी जोरात चालते. फी, एक कटिंग. तुमच्यासाठी आज फुकट.

आधी नावाचा घोळ मिटवू. मस्कव्हीचा मॉस्कोशी काडीचा संबंध नाही. हा पक्षी मूळचा मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतचा. कोलंबस तिकडे पोहोचायच्या आधीच तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याला माणसाळवलं होतं. फ्रेंच त्याला उत्तर आफ्रिकेचं समजतात, केरळात त्याला मनिलाचं म्हणतात आणि बंगालीत तो चिना हांस. थोडक्यात, जिथं जावं तिथं हा पाहुणाच! आमची पहिली जोडी चामोर्शी तालुक्यातल्या बंगाली वस्तीतून आली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारनं तिकडे वसवलं होतं. म्हणून आईसुद्धा त्यांना 'चिना'च म्हणते.

आता स्वभाव. बाकीची सगळी पाळीव बदकं मॅलार्ड नावाच्या रानबदकाच्या वंशातली, हे एकटं वेगळ्या घराण्यातलं. ते 'क्वॅक क्वॅक' करत नाही. नर फुस्स करतो, मादी बारीक आवाजात कुजबुजते. नराच्या तोंडावर लालभडक, खडबडीत मांस असतं. पहिल्यांदा बघणारा दचकतो. नर चार ते सहा किलोंचा, मादी साधारण त्याच्या निम्म्यानं. पायाला नख्या असतात, त्यामुळे ते फांदीवर बसतं आणि मादी चक्क उडते. आमच्याकडे एका पंखाची मोठी पिसं कात्रीनं आखूड करतात. पिसं झडून नवी आली, की पुन्हा तेच. एकच पंख का? तोल जातो, म्हणून उडता येत नाही.

हे सगळं मला आधी ऐकून माहीत होतं. हातानं केलं ते गेल्या वर्षी, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी.

मी म्हटलं, पुण्याला ये, सगळं इथंच करू. ती म्हणाली, "चिना बसली आहे ना अंड्यावर." कोंबडीची पिल्लं एकवीस दिवसांत निघतात, साध्या बदकाची अठ्ठावीस. मस्कव्हीला पस्तीस लागतात. आईनं कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या, बाविसावा दिवस चालू होता. शेवटी ऑपरेशन गडचिरोलीला ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, काही आठवडे वाकायचं नाही, धूळ नको, डोळ्यात पाणी नको. बदकाच्या कामात या तीनच तर गोष्टी असतात! आईचा फोन आला, "मले पाहाले येऊ नको. बदकं पाहाले ये." मी आठ दिवसांची रजा टाकली, पुढं वर्क फ्रॉम होम घेतलं आणि नागपूरहून एसटीनं धानोरा गाठलं.

सकाळी सहाला खुराडं उघडायचं. तणस ओलं झालं असेल तर बदलायचं, आणि ते रोज ओलं होतंच. बदकाची विष्ठा पातळ आणि भरपूर. बाल्कनीचं स्वप्न बघणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. मग पाणी. तळं असलंच पाहिजे असं नाही, पण डोकं पूर्ण बुडेल इतकं खोल घमेलं हवं. नाकपुड्या आणि डोळे धुतले नाहीत तर ते आजारी पडतं. तासाभरात त्या पाण्याचा चिखल होतो. ओता, घासा, भरा.

खायला कणी, कोंडा, भाजीचा पाला. बाकीचं ते स्वतः बघतं. बांधीतले किडे, गोगलगाई, साचलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या. माशा टिपण्यात तर ते इतकं पटाईत, की कॅनडातल्या संशोधकांनी गोठ्यातल्या माशा कमी करायला त्याची चाचणी घेतली होती. म्हणून बदक पाळलं की आमच्याकडचा मलेरिया पळतो असं मात्र नाही. मच्छरदाणी लावायचीच.

दोन गोष्टी आई पुन्हा पुन्हा बजावत होती. एक, बुरशी लागलेलं काही घालायचं नाही. पावसाळ्यात मक्याला, भुईमुगाच्या ढेपेला बुरशी धरते. तिचं विष कोंबडी थोडंफार सोसते, बदकाचं पिल्लू मरतं. दुसरी, नुसत्या तांदळावर पिल्लं वाढवायची नाहीत. नायसिन कमी पडलं की त्यांचे पाय वाकडे होतात. कोंबडीच्या पिल्लांपेक्षा त्यांना ते जास्त लागतं. आईला नायसिन हा शब्द माहीत नाही. ती गांडुळं, किडे आणि कोंडा म्हणते.

चिना दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठायची. खायची, घमेल्यात डुंबायची आणि ओल्या पिसांनिशीच अंड्यांवर जाऊन बसायची. त्या ओलाव्यानं अंडी आतून फार कोरडी पडत नाहीत. मी खुराड्याजवळ लॅपटॉप घेऊन बसायचे. नेटवर्क गेलं की मीटिंग जायची, चिना तिथंच. छत्तिसाव्या दिवशी चौदातली अकरा पिल्लं निघाली. आई डोळ्यावर हिरवा चष्मा लावून खाटेवरून मोजत होती. तिला अजून नीट दिसत नव्हतं, पण आवाजावरून आकडा बरोबर सांगितला.

यातली सगळी काही म्हातारी होणार नाहीत. चार-पाच माद्यांमागे एकच नर ठेवायचा, नाहीतर नर एकमेकांना फाडतात आणि माद्यांना छळतात. जास्तीचे नर विकले जातात किंवा शिजतात. आई माद्यांना नावं देते. नरांना नाव देत नाही, नावं मात्र ठेवते. हे ऐकून ऑफिसातल्या दोघांचे चेहरे पडले. पण नीट सांभाळलेलं बदक आठ-दहा वर्षं जगतं. तुमच्या पिल्लांपैकी निम्मे नर निघाले तर काय करणार, हे आणायच्या आधी ठरवा. नंतर गुपचूप तळ्यावर सोडून देणं हा काही दयाळूपणा नाही.

आणि बर्ड फ्लू. देशातली पहिली साथ २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरला आली होती. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच विषाणूनं गेले. बदक स्वतः आजारी न दिसताही तो विषाणू बाळगू शकतं. म्हणून कोंबड्या वेगळ्या, रानबदकं उतरतात त्या तळ्यापासून लांब, काम झालं की साबणानं हात. एकदम पक्षी मरायला लागले तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना.

पिल्लं निघाल्यावर मी पुन्हा विषय काढला. आता तरी चल पुण्याला. माझा अंदाज होता, बदकांचं कारण पुढं येईल. ती म्हणाली, "तुह्या घरी दिवसभर असते कोण?" मी सकाळी साडेआठला निघते, रात्री आठला येते. नवरा त्याच्याही नंतर. आईला बदकं सोडवत नाहीत असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत होते. खरं तर तिथं संध्याकाळी सहाला तिची वाट बघणारं कुणीतरी असतं, आमच्या टू-बीएचकेत कुणी नसतं. अंड्यांचे आणि पिल्लांचे पैसेही तिचे स्वतःचे. ऑपरेशनला जायचा रिक्षा तिनं त्यातूनच केला, मला विचारलंसुद्धा नाही.

तेव्हा बॉस, जोडी घ्यायच्या आधी जाळी, घमेलं, खाद्य यांचा हिशेब नंतर करा. संध्याकाळी दिवेलागणीला रानमांजर बाहेर पडतं, शहरात भटकी कुत्री. त्याच्या आत रोज, दिवाळीतही आणि अप्रेझलच्या आठवड्यातही, कुणीतरी बदकं मोजून दार लावायचं असतं. तुमच्याकडे ते कोण करणार, त्याचं नाव सांगा. नाव आलं, तर चामोर्शीचा पत्ता मी देते. आणि नाव घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं असेल, तर आधी त्यांना विचारा.