गाव बदलले, शाळा बदलली : महादेवपुऱ्यात नव्याने आलेल्या मुलांच्या मनाला आधार कुठे मिळेल?

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागात व्हाइटफील्ड, हूडी, वर्तूर, काडुगोडी येथे आयटी कंपन्या आणि उंच इमारती उभ्या आहेत. त्या बांधणारी, झाडणारी आणि राखणारी माणसे मात्र बाहेरून आलेली आहेत. कोणी बिहार-ओडिशातून, कोणी उत्तर कर्नाटकातून, तर कोणी सोलापूर, लातूर, बिदरकडून. लहान मूल नवी भाषा खेळता खेळता उचलते. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलाला हे कठीण जाते. जुने मित्र सुटतात, वर्गात काय चालले आहे ते कळत नाही आणि घरी सांगावे तर आई-बाबा दोघेही कामावर असतात. मूल गप्प होते. अनेकदा तेथूनच शाळा सुटायला सुरुवात होते.

निम्हान्सने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक त्रास आढळला. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. म्हणजे हा त्रास विरळा नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही.

काय बदलले आहे?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. याविषयीचा कायदा होईपर्यंत त्या सरकारी आणि खासगी अशा सर्व शिक्षणसंस्थांना लागू आहेत. त्यातील पालकांच्या कामाच्या बाबी अशा :

• १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा.
• त्याहून लहान शाळेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी ठेवावी.
• शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे.
• मदतीचे फोन क्रमांक शाळेत दिसतील असे लावावेत.

हक्क कोठे अडतो?

पहिली अडचण प्रवेशाची. समुपदेशक शाळेत आहे, पण मूलच शाळेबाहेर असेल तर उपयोग काय? शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला किंवा वयाचा पुरावा नाही, या कारणासाठी प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश पाहणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. पण हे संरक्षण आठवीपर्यंतचे आहे. नववी-दहावीत आलेल्या मुलाला ते मिळत नाही, आणि मनाचा ताण नेमका याच वयात वाढतो. म्हणून मूल आठवीच्या पुढे असेल तर गाव सोडण्यापूर्वीच दाखला आणि गुणपत्रिका सोबत घ्यावी.

दुसरी अडचण भाषेची. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानुसार कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवली जाते. मराठी शाळेतून थेट नववीत आलेल्या मुलीला गणित येत असते, पण प्रश्न वाचता येत नाही. अशा मुलीला ‘ढ’ ठरवले जाते. समुपदेशकही फक्त कन्नड आणि इंग्रजी बोलत असेल, तर ती मन मोकळे कसे करणार? न्यायालयाने अनुसूचित जाती-जमाती, आर्थिक दुर्बल घटक अशा गटांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण सांगितले आहे. स्थलांतरित मुलांचा त्यात वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे भाषेची गरज पालकांनीच शाळेपुढे मांडावी लागते.

तिसरी अडचण सातत्याची. एका इमारतीचे काम संपले की कुटुंब दुसरीकडे जाते. समुपदेशकाशी विश्वास जुळतो न जुळतो तोच शाळा बदलते. निम्हान्ससारखी देशातील अग्रगण्य संस्था याच शहरात आहे, पण महादेवपुऱ्याहून होसूर रोडला जायचे तर रोजंदारीवरील माणसाची एका दिवसाची मजुरी बुडते. शाळेतच आधार मिळणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

शाळेत काय विचारावे?

१. समुपदेशक कोण आहेत आणि कोणत्या दिवशी येतात?
२. आरोग्य दूत शिक्षक कोण? आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात (२०२०) प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना हे काम दिले जाते. भावनिक आरोग्य हा त्यातील एक विषय आहे.
३. मुलाची भाषा बोलणारा एखादा विद्यार्थी वर्गात असेल तर त्याच्याशेजारी बसवता येईल का?

भाषेवरून चिडवणे, वर्गासमोर अपमान करणे हा मानसिक छळ आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार त्यास मनाई आहे. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

शाळेबाहेर विनामूल्य मदत

• टेलि मानस : १४४१६. चोवीस तास सुरू. भाषा निवडता येते.
• मनोदर्पण : ८४४८४४०६३२. विद्यार्थी, पालक व शिक्षकांसाठी शिक्षण मंत्रालयाची सेवा.
• चाइल्ड हेल्पलाइन : १०९८.
• स्नेहा क्लिनिक : १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालये व आरोग्य केंद्रांतील सल्ला केंद्र. आपल्या भागातील केंद्राचा दिवस आशाताईंना विचारावा.

कोणत्याच शाळेत प्रवेश मिळाला नाही तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून मराठी माध्यमात दहावी करता येते. मात्र तेथे रोजची शाळा आणि सोबती नसतात. गप्प झालेल्या मुलासाठी हा शेवटचा पर्याय समजावा.

थांबू नये अशी चिन्हे

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक कमी होणे, कारण नसताना रोज डोके-पोट दुखणे, शाळेत जायला नकार, सतत रडणे किंवा चिडणे, याला आळस समजू नये. शाळेशी बोलावे. मूल मरणाविषयी बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर त्याला एकटे सोडू नये. लगेच १४४१६ वर फोन करावा. जीवाला धोका असेल तर ११२ वर करावा.

न्यायालयाच्या सूचनेमुळे आपोआप कोणी शाळेत येऊन बसत नाही. पालकसभेत एका पालकाने ‘समुपदेशक कधी येतात?’ असे विचारले तर ती एक चौकशी राहते. दहा पालकांनी विचारले तर शाळेला ती मागणी वर कळवावी लागते. पुढच्या पालकसभेला जाताना हा प्रश्न सोबत न्यावा, आणि शेजारच्या कुटुंबालाही सांगावा, मग त्यांची भाषा कोणतीही असो.