चोरी कुठेही होवो, चौकशी पालावर

गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर धाड पडते. पुरावा मागाहून बघू! ही खोड १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची. पोर जन्मतःच संशयित. सोलापूरच्या वसाहतीत तर तारेच्या कुंपणाआड माणसांची हजेरी चाले. १९५२मध्ये कायदा गेला, पण ‘सराईत गुन्हेगार’ या नव्या नावाने जुनीच वही उघडली. तुरुंगांच्या नियमावल्यांतला असला भेद सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, तोही ऑक्टोबर २०२४मध्ये. एकात्मतेची प्रतिज्ञा पाठ असलेले आपण खोली भाड्याने देताना अजून आडनाव विचारतो. या अंकात पारधी, कैकाडी तरुणांनी लिहिलं आहे. बहुतेक मजकूर पोलिसांबद्दल नाही, रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्यासाठी घातलेल्या खेपांबद्दल आहे.